गोड वाळू

आखातातल्या बेटावरच्या मआमीर गावात, आमच्या घरी थंडीची तयारी दाताळ्यानं सुरू व्हायची. ऑक्टोबरातली एखादी शुक्रवारची सकाळ अशी यायची, की मागचं दार उघडल्यावर वारा तोंडावर वाफ न मारता नुसता येऊन जायचा. पप्पा चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायचे, आकाशाकडे बघायचे आणि म्हणायचे, "खलास. उन्हाळा संपला." मग अंगणातून खर्र खर्र आवाज सुरू व्हायचा तो थेट दुपारच्या बांगेपर्यंत. उन्हाळाभर कसंबसं तग धरून राहिलेलं राठ, पिवळट गवत ते जमिनीलगत कापून काढायचे. मेलेल्या काड्या दाताळ्यानं ओढून कोपऱ्यात ढीग करायचे, वर दोन बोटं वाळू आणि शेळ्यांच्या लेंड्यांचं खत मिसळून पसरायचे, आणि मग हिवाळी गवताचं बारीक बी, एकदा उभं आणि एकदा आडवं, मूठ सैल सोडत फेकायचे. आई ते ओल्या गोणपाटांनी झाकायची, नाहीतर बुलबुल आणि चिमण्या संध्याकाळपर्यंत सगळं टिपून मोकळ्या. आठवड्याभरानं गोणपाट उचललं की खाली हिरवी लव आलेली असायची.

अंगण म्हणजे केवढं, तर दोन खाटा आणि सहा-सात खुर्च्या मांडल्या की भरून जाईल एवढं. पलीकडे सित्र्याचे कारखाने. वारा फिरला की तेलाचा वास घरात यायचा आणि आई उदबत्ती लावायची. पण नोव्हेंबर ते मार्च आमचं सगळं आयुष्य त्या हिरव्या तुकड्यावर चालायचं. मी तिथं अभ्यास करायची, आई तिथं भाजी निवडायची, आणि शुक्रवारी पप्पांच्या शिफ्टमधली दोन-तीन मराठी कुटुंबं जेवायला यायची. चिकनचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीच्या भाकरी. ज्वारीचं पीठ संपलेलं असलं की भाकरीच्या जागी खबूस, इथल्या बेकरीतली जाड रोटी. साताऱ्याकडच्या माणसानं खबूस रश्श्यात कुस्करताना केलेला चेहरा बघण्यासारखा असायचा, पण ताट मात्र चाटूनपुसून साफ व्हायचं.

गेल्या वर्षी मी कॅनडात लेकाकडे गेले होते, तेव्हा तो ऑक्टोबरातच अंगणाच्या मागे लागलेला दिसला. पानं गोळा कर, गवताला शेवटचं खत घाल, बागेच्या नळातलं पाणी काढून टाक म्हणजे गोठून पाइप फुटणार नाही, गुलाबांना गोणपाट गुंडाळ. मी खिडकीतून बघत राहिले. तिथं थंडीच्या आधी अंगणाला झोपवतात. आम्ही त्याच महिन्यात ते उठवत होतो. गोणपाट मात्र दोन्हीकडे तेच. मी लेकाला म्हटलं, "तुझे आजोबा असते ना, तर तुला म्हणाले असते, दाताळं असं धरत नाहीत." तो हसला आणि इंग्रजीत म्हणाला, आजोबांनी बर्फ कुठं बघितलाय. त्या वयात मीही अशीच होते. आई मराठीत विचारायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायची.

मी दहावीत होते त्या सप्टेंबरात पप्पांच्या छातीत दुखायला लागलं. ते अस्करजवळच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते, उंच, हाडापेरानं मजबूत, चालले की चपलांचा आवाज दोन घरं पलीकडे जाई असे. आठ दिवसांत ते असे झाले, की जिना दिसला तर खाली उभे राहून विचार करायचे. बायपास करायची ठरली, आणि ती मुंबईत, कारण तिथं कल्याणला आत्या होती आणि आईला डॉक्टरांपासून आयापर्यंत सगळ्यांशी मराठीत बोलता येणार होतं. माझी बोर्डाची परीक्षा, म्हणून मी इथंच राहायचं. माझ्या सोबतीला कुलकर्णी काकू आमच्या घरी राहायला येणार होत्या. काका पप्पांच्याच कारखान्यात हिशेबनीस, पुण्याचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. "प्रज्ञाची काळजी करू नका," एवढंच म्हणून काकू एक सुटकेस आणि स्वतःचा कुकर घेऊन आल्या. काका रोज संध्याकाळी जेवायला यायचे आणि जेवून परत जायचे.

विमानतळावर निघताना पप्पा मला म्हणाले, "यंदाचं गवत तुझ्याकडं. गोडी वाळू आण, बी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आहे. सगळं एकदम पेरू नको, तिसरा हिस्सा मागं ठेव. पाखरांचा काय भरवसा." मी "ओके पप्पा" म्हटलं. वाळू ती वाळू, त्यात गोडी काय आणि आंबट काय, असं मला वाटलं. शाळेतून येताना मआमीरच्या किनाऱ्याजवळ बांधकामासाठी टाकलेला वाळूचा ढीग रोज दिसायचा, पांढरीशुभ्र, मऊ वाळू. तिथल्या मुकादमाला विचारून काकांच्या गाडीतून दहा पोती आणली. कापणं, ओढणं, खत मिसळणं, उभं-आडवं पेरणं, सगळं पप्पांसारखं केलं. हाताला फोड आले. विहिरीच्या पंपाला नळी लावून सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. काकू पदर खोचून गोणपाटं भिजवत होत्या आणि म्हणत होत्या, "अगं, आमच्या सदाशिव पेठेत कुंडीतली तुळस सोडून मी कशाला हात लावला नाही हो!"

पप्पांचं ऑपरेशन नीट झालं. पहिला फोन आला तो शुक्रवारी दुपारी, आत्याच्या घराखालच्या बूथवरून. आधी आईच बोलली, घाईघाईनं, आवाज दाबून. "ऐक गं. आता घरी आणलंय त्यास्नी, पण बोलत न्हाईत. जेवत न्हाईत. भिंतीकडं तोंड करून पडून राहत्यात. आत्ता तुझ्याशी बोलायचं म्हणून पयल्यांदा जिना उतरलेत. काहीतरी चांगलं सांग." मग पप्पांचा आवाज आला, इतका बारीक, की मला वाटलं दुसरंच कुणी आहे. त्यांनी मला परीक्षेचं विचारलं नाही, जेवणाचं विचारलं नाही. म्हणाले, "उगवलं का?"

मी त्याच सकाळी गोणपाट उचललं होतं. खाली काही नव्हतं. वाळूवर पांढुरकी साय धरली होती आणि बी जसंच्या तसं पडलेलं होतं.

"हो पप्पा," मी म्हटलं. "आलंय. सगळीकडे."

"दाट आलंय?"

"खूप दाट."

तिकडून एक लांब श्वास ऐकू आला. संध्याकाळी आईचा पुन्हा फोन आला, फक्त एक वाक्य सांगायला: "आज दीड भाकरी खाल्ली."

मग माझ्याकडे मागे फिरायला जागाच उरली नाही. पुढच्या शुक्रवारी गवत बोटभर झालं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी ते एकदा कापलं, बुलबुलांची जोडी येऊन बसली, काकूंनी कडेनं लाल फुलं लावली. खरं कधी बोलले नसेन एवढं रंगवून मी खोटं बोलत होते, आणि पप्पाही हळूहळू बोलते झाले होते. "मीपण रोज चालतोय बरं का," ते म्हणाले, "सकाळी स्टेशनपर्यंत जातो आणि परत येतो." फोन ठेवल्यावर मी अंगणात जाऊन उभी राहायची. समोर नुसतं पांढरं पडलेलं आवार. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. एका रात्री ताट तसंच ठेवून मी रडायला लागले तेव्हा काकूंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर घरभर सुकटीचा वास. काकू, ज्यांनी आमच्या घरात पहिल्या दिवशी स्वतःचा कुकर वेगळ्या फळीवर ठेवला होता, त्या एका हातानं नाकाला पदर लावून दुसऱ्या हातानं कांद्यात सुकट परतत होत्या. "तुझ्या आईच्या वहीत कृती सापडली," त्या म्हणाल्या. "मीठ बघायला मात्र सांगू नकोस." ती खारट झाली होती. मी सगळी खाल्ली, आणि मग त्यांना फोनवरच्या खोट्याचं सगळं सांगितलं. त्यांनी माझं ताट उचललं. "आता बोलून काय उपयोग," त्या म्हणाल्या, "गवत उगवायला हवं."

दुसऱ्याच दिवशी आईचा फोन आला: डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, अकरा दिवसांनी येतोय.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे हाजी हसन राहायचे. गावातले जुने गृहस्थ, सत्तरीचे असतील. कधीकाळी त्यांची खजुराची मोठी बाग होती. त्यातली पाच-सहा झाडं उरली होती, बाकी जागी घरं झाली होती. सात वर्षांत आमचं त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवरून सलाम आणि ईदला आलेलं हलव्याचं ताट. त्या संध्याकाळी मी दाताळं घेऊन वेड्यासारखी ती वाळू उकरत होते, तेव्हा भिंतीवरून त्यांचं डोकं दिसलं.

"बाबा किधर?" त्यांनी विचारलं. त्यांची हिंदी बाजारात शिकलेली, माझी शाळेच्या मैदानात.

मी सांगितलं. हृदयाचं ऑपरेशन, मुंबई, अकरा दिवस. गवत मफी, म्हणजे नाहीच.

ते फाटकातून आत आले. वाकून त्यांनी चिमूटभर वाळू उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली. थुंकले. "मालेह," म्हणाले. खारट. "ये समंदर का रमल, बिंती. इसमें घास नहीं आता, नमक आता." मग विहिरीच्या नळीकडे बोट दाखवलं. "और ये माय भी मालेह. बड़ा घास पीता. छोटा नहीं पीता." रमल म्हणजे वाळू, माय म्हणजे पाणी, आणि बिंती म्हणजे माझी मुलगी. तेव्हा मला पप्पांच्या गोड वाळूचा अर्थ कळला, आणि मी तिथंच वाळूत खाली बसले. हाजींनी मला रडू दिलं नाही. "यल्ला, चलो," म्हणाले, "ये सब निकालो. दो उंगली. कल मैं आता."

रात्रीपर्यंत काकू, काका आणि मी ती सगळी वाळू खरवडून पोत्यांत भरली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हाजी त्यांची जुनी पिक-अप घेऊन दारात हजर. मला एकटीला पाठवायला काकू तयार नव्हत्या, म्हणून त्याही बसल्या. पुढच्या बाकावर हाजी, मध्ये मी, कडेला नऊवारीत नसल्या तरी कडक इस्त्रीच्या पाचवारीत काकू, मांडीवर पर्स. समुद्राकडे पाठ करून आम्ही बेटाच्या मध्यावर गेलो, जिथं जमीन जरा उंच होते आणि नुसती तांबूस वाळू असते. हाजी एका जागी थांबले, वाळू चाखली, नाही म्हणाले. दुसऱ्या जागी थांबले, चाखली, बरी आहे अशी मान हलवली, पण पुढे निघाले. तिसऱ्या जागी त्यांनी मला चिमूट दिली. "तुम देखो." मी जिभेवर ठेवली. कचकच लागली, पण खारट नव्हती. कशाचीच चव नव्हती. "ये मीठा?" मी विचारलं. "हिलू," ते म्हणाले. गोड. आणि मग काकूंनी हात पुढे केला. ज्या बाई बाहेरून आणलेली कोथिंबीर तीनदा धुवायच्या, त्यांनी चिमूटभर वाळवंट तोंडात टाकलं, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाल्या, "हो. ही चालेल."

बी मागं ठेवलेलं होतंच, पप्पांच्या सांगण्यावरून तिसरा हिस्सा. हाजींनी फेकायला मला लावलं, स्वतः फळीनं दाबलं. दहा दिवस गोडं पाणी, त्यांनी बजावलं. आमच्याकडे गोडं पाणी टँकरनं यायचं, गच्चीवरच्या टाकीत, फक्त पिण्या-स्वयंपाकाला. ते दहा दिवस आम्ही दोघींनी सगळं विहिरीच्या पाण्यावर भागवलं, केस काथ्यासारखे झाले, पण गोडं पाणी गवताला घातलं. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळीवरचं पाणी, काकांच्या पेल्यात उरलेलं पाणीसुद्धा. काका म्हणायचे, "मला तहान लागली तर आधी गवताला विचारावं लागतं." सातव्या दिवशी पहाटे काकूंनी मला हलवून उठवलं. गोणपाटाचा एक कोपरा त्यांनी उचलून धरला होता. खाली, अगदी तिरपं बघितलं तरच दिसेल अशी, हिरवी धूळ.

मुहर्रकच्या विमानतळावर विमान उतरलं तेव्हा त्या धुळीला आणखी दोन दिवस झाले होते. पप्पा बाहेर आले ते एक लहानशी उशी छातीशी धरून. खोकला आला की ती दाबून धरायला सांगितलं होतं. शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. आईनं मला मिठी मारली, पण पप्पांनी नुसता डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात हलका झालेला मला कळला. काकांच्या गाडीत सगळा रस्ता मी मनात वाक्य जुळवत होते. घरी आल्यावर ते बसले नाहीत. घर ओलांडून सरळ मागच्या दाराशी गेले, चौकटीला धरून उभे राहिले. मी मागे.

"पेरून नऊच दिवस झालेत," पप्पा म्हणाले.

"हो."

"कापलेलं गवत होतं ना हे? बुलबुल, लाल फुलं?"

"खोटं होतं, पप्पा. पहिलं आलंच नाही. मी समुद्राची वाळू आणली. आई म्हणाली तुम्ही जेवत नाही, म्हणून मी..." पुढचं मला मराठीतही आलं नाही आणि इंग्रजीतही.

ते वळले. मला वाटलं, आता रागावतील, आणि खरं सांगते, रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी उशी छातीशी घट्ट धरली, कारण त्यांना हसू येत होतं आणि हसलं की टाके दुखायचे. "मी कधी स्टेशनपर्यंत गेलो नाही," ते म्हणाले. "एकदासुद्धा नाही. तुझ्या फोनसाठी शुक्रवारी जिना उतरायचो तेवढाच. बाकी दिवस भिंत बघायचो. तुला वाईट वाटू नये म्हणून सांगायचो."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मला दोघांचंबी ठावं होतं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या सकाळपासून पप्पा चालायला लागले. कोवळ्या गवतावर पाय द्यायचा नसतो, म्हणून कडेकडेनं, भिंतीला एक हात लावून. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या, मग चार, मग दहा. पलीकडून हाजी विचारायचे, "कितना?" आणि पप्पा ओरडून सांगायचे. पप्पांना अरबी येत नव्हती आणि हाजींना मराठी, पण त्या महिन्यात भिंतीच्या दोन्ही बाजूंनी जेवढं बोलणं झालं तेवढं सात वर्षांत झालं नव्हतं. पहिली कापणी मी केली. मी यंत्र ढकलताना पप्पा बाजूनं चालत होते आणि मी सरळ रेषेत जात नाही म्हणून सांगत होते.

मी अजून इथंच आहे. शाळेत शिकवते, पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले की व्हिसा संपेल आणि निघावं लागेल. आवराआवर करताना या माणसांची आठवण येते. काकूंनी त्या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी मला आईला मराठीत पत्र लिहायला बसवलं, चुका लाल पेन्सिलीनं सुधारल्या. आज हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळे. हाजींनी आमच्याकडून काही म्हणता काही घेतलं नाही. त्यांना काय देणं लागतो हे मी कितीदा मनाशी मांडायला गेले आणि दर वेळी सोडून दिलं. पप्पा त्यानंतर एकोणीस वर्षं जगले.

डिसेंबरात गवत पुरतं भरलं तेव्हा एका शुक्रवारी आईनं नेहमीच्या लोकांना जेवायला बोलावलं आणि पप्पा स्वतः जाऊन हाजींना घेऊन आले. काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या, आईनं रस्सा, आणि हाजींना चालेल की नाही म्हणून चिकन त्यांच्याच खाटकाकडून आणलेलं. हाजी अंगणाच्या कडेला थांबले, चपला काढल्या. पप्पांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. हाजींनी ती बाजूला सारली आणि गवतावरच मांडी घातली. पप्पा उभे. आजारपणापासून ते जमिनीवर बसले नव्हते. बसलो तर उठता येणार नाही, ही त्यांची भीती घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. हाजींनी हात वर केला. पप्पांनी आईकडे बघितलं नाही, तो हात धरला आणि हळूहळू खाली बसले.

जेवणं झाली, गप्पा झाल्या, ऊन भिंतीवरून उतरलं, हवा गार व्हायला लागली. आईनं माझ्याकडे बघितलं, तशी मी उठून पप्पांजवळ गेले आणि हात पुढे केला. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. एक पाय दुमडला, तळवा गवतावर टेकवला, क्षणभर तसेच थांबले आणि उभे राहिले. काकूंच्या हातातली वाटी तशीच राहिली. पप्पांनी पँटला चिकटलेलं गवत झटकलं, श्वास सावरला, आणि मग हाजींना उठवायला स्वतःचा हात खाली केला.